घंटा ऐकू आली होती

'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' हे वाक्य इथल्या बहुतेक अनुभवांच्या सुरुवातीला वाचायला मिळते, म्हणून मी तेच जरा वेगळ्या पद्धतीने मांडते. मी कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. एखाद्या घटनेचे कारण सापडले नाही, तर 'कारण नाही' असे लिहायचे नसते, 'कारण अजून माहीत नाही' असे लिहायचे असते, असे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले आहे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मला कधी भीती वाटली नाही, कंटाळा मात्र यायचा. आजही मी घाबरून हे लिहीत नाही. मी चिडून लिहीत आहे.

चिडण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात याच ग्रुपवर 'राखणदार घंटा' नावाचा एक अनुभव आला. सह्याद्रीतल्या एका घाटात धुक्यात सापडलेल्या सायकलस्वारांना एका अदृश्य घंटेने सुखरूप वर पोहोचवले, अशी ती हकिगत. खाली प्रतिक्रियांमध्ये जोडलेल्या हातांची रांग लागली होती. 'देव आहे', 'अंगावर काटा आला', 'मलाही पुढच्या राइडला यायचंय'... ते लिहिणारा रोहित माझ्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि त्या सायकलस्वारांमध्ये मी होते. धुके खरे आहे, घंटाही खरी आहे. 'सुखरूप' हा शब्द खोटा आहे.

आता क्रमाने सांगते.

रोहित सांगलीचा, तिशीतला. शनिवार-रविवार जोडून सायकलच्या छोट्या टूर काढतो. 'ज्वालामुखीच्या पायऱ्या' ही टूर त्याच्या डोक्यातून निघाली आणि वाटेत खडकांची माहिती द्यायला त्याने मला बोलावले. आम्ही एकूण चौघे होतो. पुढे रोहित, त्याच्यामागे सांगलीच्याच एका बँकेत काम करणारी क्षमा, मग मी, आणि सर्वांत शेवटी विष्णूनाना.

नाना म्हसवडजवळच्या एका वाडीचे. घराणे पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांचे. नाना मात्र तरुणपणीच फौजेत गेले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. साठी ओलांडली होती, पण चढावर तरुणांना लाजवतील असे पाय. म्हणूनच ते मागे असत. घाटाच्या सायकल सहलीत सर्वांत तयारीचा माणूस पुढे नसतो, तो शेवटी असतो... कोणी मागे राहू नये, कोणाची चेन तुटली तर हात द्यावा, म्हणून. रोज सकाळी निघताना नाना एकच वाक्य म्हणत, "जावा फुडं, मागं मी हाय." आणि आम्हाला ते 'माझी मेंढरं' म्हणत. क्षमाला ते सुरुवातीला आवडले नव्हते. दुसऱ्या दिवशी तीच चढावर दमून "नाना, तुमचं मेंढरू बसलं" असे ओरडू लागली.

नानांच्या हँडलला एक घंटा बांधलेली असे. त्यांच्या वडिलांच्या कळपातल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली, हाताच्या मुठीएवढी, पितळी. तिच्या कडेचा एक टवका उडालेला असल्यामुळे ती स्वच्छ वाजत नसे. 'ठण्‌' म्हणून सुरू होई आणि मध्येच आवाज बसल्यासारखा होई. एकदा ऐकला की दुसऱ्या कोणत्याही घंटेशी गल्लत होणार नाही, असा तो आवाज. चढावर पॅडल मारताना सायकल डावी-उजवी झुलते, त्या झुलण्याबरोबर ती वाजत राही.

या घंटेवरून रोहितने एक नियम केला. घाटात मान मागे वळवली की तोल जातो, आणि चढावर थांबले की पुन्हा निघणे कठीण होते. म्हणून घंटा ऐकू येत असेल तर वळायचे नाही, चालत राहायचे. घंटा थांबली तर थांबायचे. मलाही तो नियम पटला. सोपा होता, सर्वांना समजला होता, आणि पहिले दोन दिवस त्याने उत्तम काम केले. या नियमात काय चूक आहे, ते वाचकांनी इथेच क्षणभर थांबून पाहावे. मला ते दिसले, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

आता प्रदेशाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. आपला हा सगळा मुलूख लाव्ह्याचा आहे. धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर इथे शोधू नये. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा पातळ पिठल्यासारखा पसरला, निवला, त्यावर काही काळाने दुसरा थर आला, मग तिसरा. दोन थरांच्या मधल्या काळात वरच्या पृष्ठभागाची माती झाली असेल, तर पुढच्या लाव्ह्याने ती भाजून निघते आणि विटेसारखा लाल पट्टा तयार होतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असला की हे पट्टे उघडे दिसतात. अगदी वर, पठारावर, जांभा खडक. म्हणजे घाट चढणारा माणूस खालून वर जाताना खडकांवरूनच आपण कुठे आहोत ते सांगू शकतो.

हे सगळे मी कोयनानगरला आदल्या संध्याकाळी समजावले, तेव्हा नाना गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "म्हंजी बाई, आपुन तीन दिस पिठल्यावर सायकल चालवतोय व्हय? मग भाकरी कवा येनार?"

घाटाचे नाव मी देणार नाही. कोयनानगरच्या दक्षिणेला, पाटण तालुक्यातच, दरीतून पठारावर चढणारा तो जुना रस्ता आहे; नवा रस्ता झाल्यापासून त्यावर वाहने फारशी नसतात. माहीतगारांना एवढे पुरे. इतरांनी तिथे जाऊ नये, असेच मला वाटते.

सप्टेंबरचा शेवट होता. सकाळी न्याहारी करून आम्ही निघालो. घाटाच्या पायथ्याला पाणी प्यायलो, नाना म्हणाले, "जावा फुडं, मागं मी हाय," आणि चढ सुरू झाला. दुसऱ्या वळणावर लाल पट्टा लागला. मी न थांबताच हात करून सर्वांना दाखवला. मागून नानांचा आवाज आला, "बघितला बाई, लय भारी." त्या चढणीवर मी ऐकलेले त्यांचे हे शेवटचे शब्द.

लगेच धुके उतरले. ते खालून वर आले की वरून खाली, हे मला सांगता येणार नाही. पुढच्या क्षमाचे लाल जाकीट दिसेनासे झाले एवढे खरे. बारीक भुरभुर सुरू झाली. आम्ही डोक्यावर टोप्या ओढल्या आणि चढत राहिलो. मागून घंटा वाजत होती. ठण्‌... ठण्‌...

ती फार जवळ होती. वर्गात शेवटच्या बाकावर कोणी पेन्सिल आपटावी इतकी जवळ. वळणावर माणूस वळतो तेव्हा मागचा आवाज बदलतो. कड्याच्या आड गेला की दबतो, मोकळ्यावर आला की उघडतो. हा आवाज बदलत नव्हता. हे त्याच वेळी माझ्या लक्षात आले होते, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. मनात एवढेच आले, की नाना आज माझ्या मागच्या चाकाला चिकटून चालले आहेत.

मी एकदा हाक मारली, "नाना, ठीक ना?" उत्तर आले नाही. घंटा वाजत राहिली. टोपीमुळे ऐकू आले नसेल, असे मी धरले. नियम स्पष्ट होता, घंटा ऐकू येत होती. मी वळले नाही.

बऱ्याच वेळाने वरून दुधाची एक पिकअप गाडी दिवे लावून आली आणि आम्हाला ओलांडून खाली गेली. त्यानंतर काही वेळ गेला, आणि घंटेची लय बदलली. ती एकदम घाईने, झटक्याझटक्याने वाजू लागली. तोपर्यंत आम्ही वरच्या टप्प्यात आलो होतो; रस्त्याच्या कडेला जांभा दिसू लागला होता, म्हणून मला ती जागा नक्की सांगता येते. रोहित हसला आणि मागे न पाहता ओरडला, "आलो की नाना! पळवू नका मेंढरं, दमलीत!" क्षमाही हसली. मीही हसले.

थोड्या वेळाने घंटा पुन्हा सावकाश झाली. मग मधूनमधून. चढ संपला तिथे पत्र्याची एक शेड आहे, एक बाई तिथे चहा करते. आम्ही सायकली टेकवल्या, आत शिरलो, आणि मागून घंटा शेडच्या तोंडापर्यंत आली. शेवटचा एक ठोका पडला आणि थांबली. नाना सायकल लावत असणार. क्षमाने चार चहा सांगितले.

चहा आले. तीन उचलले गेले. चौथ्यावर साय धरू लागली, तेव्हा चहावाल्या बाईने विचारले, "चौथा कुनासाठी वं?"

क्षमा म्हणाली, "नानांचा. बाहेर सायकल लावतायत."

"तुमी तिघंच आलासा की."

"अहो, आत्ता घंटा नाही का वाजली? दारात?"

बाईने चुलीवरून मान वर केली. "कसली घंटा?" ती म्हणाली. "म्यां तर कायबी ऐकलं न्हाई. सकाळपासनं ह्यो पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा."

रोहित बाहेर गेला. आम्हीही गेलो. ओल्या मातीत तीन सायकलींच्या चाकांच्या खुणा होत्या.

आम्ही घाट उतरत खाली गेलो, हाका मारत. प्रत्येक वळणावर थांबून कठडे नसलेल्या कडेवरून खाली पाहत. मधल्या टप्प्यात नव्हते. त्याखाली नव्हते. नाना सापडले ते लाल पट्ट्याच्या किंचित वर, म्हणजे घाटाच्या जवळजवळ पायथ्याशी... जिथे मी त्यांचे शेवटचे शब्द ऐकले होते, त्याच्या पुढच्याच वळणावर. कडेची माती खचली होती. रस्त्याच्या पातळीच्या खाली, करवंदीच्या जाळीत ते पडले होते. सायकल पायावर. गुडघा भलत्याच दिशेला वळलेला. हातात घंटा होती, हँडलवरून तोडून घेतलेली, आणि तिच्या टवका उडालेल्या कडेने तळहात कापला होता. शुद्ध पूर्ण गेलेली नव्हती, पण ते आम्हाला ओळखत नव्हते.

रोहितने मोबाइलला रेंज मिळेपर्यंत खाली सायकल दामटत नेली, गाडी आणली, कराडच्या दवाखान्यात रात्रभर बाकावर बसला, स्वतःचे रक्त दिले. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे त्याच्याविषयी मी जे लिहिणार आहे ते वाचून तो निर्दय आहे असा कोणाचा समज होऊ नये.

डॉक्टरांनी समजावले ते असे. गुडघा निखळताना त्याच्यामागची मोठी रक्तवाहिनी दबली होती. अशा वेळी रक्तपुरवठा किती काळ बंद होता यावर सगळे ठरते. लवकर आणले असते तर... डॉक्टर तिथेच थांबले. सभ्य माणूस होता. नानांचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर नानांनी पहिला प्रश्न रोहितला विचारला, "घंटा ऐकू आली का?" मी त्या वेळी औषधे आणायला गेले होते. रोहितने सांगून टाकले, "नाही नाना, धुकं फार होतं, काहीच ऐकू आलं नाही." मला हे त्याने नंतर सांगितले, आणि म्हणाला, "मॅडम, त्यांना आत्ता काय सांगणार? तुम्हीही तेच सांगा." नानांनी मला काही विचारले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मी तो आजारी माणसाचा थकवा समजले.

नाना घरी गेले. घंटा माझ्या पिशवीत राहिली होती. ऑक्टोबरमध्ये तसेच धुके पडल्यावर मी आणि क्षमा पुन्हा त्या घाटात गेलो. नाना पडले होते त्या जागी क्षमा उभी राहिली. आम्ही घड्याळे जुळवली, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत तिने घंटा सतत जोरजोरात वाजवायची असे ठरले. मी चालत वर निघाले. पहिल्या वळणापर्यंत आवाज स्वच्छ होता. दुसऱ्या वळणानंतर मला कान द्यावा लागला. तिसऱ्यानंतर काही नाही. मी टोपी काढून, श्वास रोखून उभी राहिले. झाडांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज, एक पक्षी, बस. जांभा अजून कितीतरी वर होता. मग आम्ही जागा बदलल्या. क्षमाचाही निष्कर्ष तोच.

दमट हवेत आवाज लांब जातो, कड्यांवरून परततो, हे मला माहीत आहे. मी ते शिकवते. पण परतलेला आवाज माणसाच्या मागे ठरावीक अंतर राखून घाट चढत नाही. कोणी सुचवले, की कोयनेचा भाग आहे, हादऱ्याने एखाद्या देवळातली घंटा हलली असेल. हादरा काही क्षणांचा असतो, आणि देवळातल्या घंटेला नानांच्या घंटेचा टवका नसतो.

मी घंटा एका माणसाबरोबर नानांकडे पोचवली. स्वतः गेले नाही. शाळेच्या परीक्षा होत्या. मग उन्हाळा गेला, पावसाळा आला, आणि रोहितची ती पोस्ट आली. घटनेला वर्ष होत आले म्हणून त्याच घाटात राइड, वर जांभ्याच्या कातळावर त्या घंटेची स्थापना, नावनोंदणी सुरू. पोस्टमध्ये नानांचा उल्लेख 'आमचा एक सहकारी मागे राहिला होता' एवढाच.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, लोकांना पॉझिटिव्ह स्टोरी लागते. आपण तिघं त्या धुक्यात दरीत गेलो असतो. घंटेनं नेलं आपल्याला. यात खोटं काय आहे?"

"नानांना तू काय सांगितलं होतंस?"

तो म्हणाला, "ते वेगळं होतं."

त्याच आठवड्यात नानांचा फोन आला. आवाज कोरडा. "बाई, रोहित घंटा मागतुया. त्याला म्हनलं, बाईंना इचारून सांगतो. तुमी हिकडं या. फोनवर नगं."

मी म्हसवडला गेले. पूर्वेकडे उतरत गेले की तोच काळा दगड उघडा पडत जातो, त्यावर ना झाड ना धुके. नाना ओसरीवर बाजेवर बसले होते. वहिनींनी चहा आणला, "आवं बाई, किती वाळलासा," म्हणाल्या आणि आत गेल्या. घंटा खुंटीला होती. नानांनी कुबडी बाजूला सारली.

"एक इचारतो. खरं सांगायचं. तुमाला घंटा ऐकू आली हुती का न्हवती?"

मी म्हणाले, "आली होती."

"कुठवर?"

"शेवटपर्यंत. चहाच्या शेडपर्यंत."

त्यांनी मान हलवली, जणू काही बरोबर जुळत होते. मग म्हणाले, "दवाखान्यात रोहित म्हनला, काय ऐकू आलं न्हाई. मला तवाच कळलं ह्यो खोटं बोलतुया. मी पडलो, वरडलो, तर गळ्यातनं आवाज निघंना. मग घंटा तोडून घेतली. हात दमंपत्तोर वाजवली. मधीच वर गाडीचा आवाज आला, तवा जीव खाऊन वाजवली. अन्‌ तवा रोहित बोलला. ऐन माज्या डोक्यावर, काठावर हुबा ऱ्हाऊन बोलल्यागत. 'आलो की नाना. पळवू नका मेंढरं, दमलीत.' तुमी दोघी हसलासा. म्हनलं, आली पोरं. वाट बघत बसलो. कोन आलं न्हाई."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

वर्षभर हा माणूस असे समजून जगत होता, की आम्ही वर काठावर उभे होतो, त्याची घंटा ऐकली, थट्टा केली, हसलो आणि निघून गेलो. रोहितने ते शब्द त्यांना कधी सांगितले नव्हते. त्याची तर हकिगतच 'काही ऐकू आले नाही' अशी होती. मी सांगितले नव्हते. क्षमा त्यांना त्यानंतर भेटलेली नाही. मी नंतर तिला विचारून खात्री केली.

मी त्यांना क्रमाने सांगितले. रोहित ते बोलला तेव्हा आम्ही काठावर नव्हतो. लाल पट्टा फार खाली राहिला होता, आम्ही जांभ्यापाशी होतो, घाट संपत आला होता. घंटा आमच्या पाठीशी वाजत होती, म्हणून आम्ही नाना मागे आहेत असे समजून चाललो होतो.

नाना म्हणाले, "म्हंजी मी वाजवायचं थांबलो असतो, तर तुमी थांबला असता."

"हो."

"मी जेवढी वाजवली, तेवढं तुमी फुडं गेला."

"हो, नाना."

"मग आला का न्हाई," हे त्यांनी प्रश्नासारखे विचारलेच नाही. मी तरी उत्तर दिले, "ऐकू येत होती, म्हणूनच आलो नाही."

ते खुंटीकडे पाहत राहिले. "बाई, तुमी खोटं बोलनार न्हाई, ह्ये मला म्हाईत हाय," ते सावकाश म्हणाले. "पर माज्या कानांनी मी ऐकलंय. तुमी हितं हुता." त्यांनी बाजेच्या वर, डोक्यापासून हातभर अंतरावर हात धरून दाखवला. "हितं."

माझ्याही कानांनी मी ऐकले होते, आणि तेही इथेच होते, माझ्या मागच्या चाकाशी.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले असावे. खुंटीवरची घंटा काढली, कोपऱ्यातल्या गोणीतली मूठभर लोकर घेतली आणि घंटेच्या पोटात ठासून भरली. आतल्या लोलकासकट. म्होरक्या मेंढा आजारी पडला, बसून राहिला, की कळपाने त्याच्या आवाजावर विसंबू नये म्हणून त्यांच्या घरी असेच करतात म्हणे. "रोहितला सांगा, बाजारातनं दुसरी घ्यायची," त्या म्हणाल्या. "लय मिळत्यात."

आता राखणदार म्हणणाऱ्यांसाठी. त्या दिवशी त्या घाटात एकाच माणसाला राखणीची गरज होती. तो हाका मारत होता, आणि त्याची हाक आमच्यापर्यंत पोचवली गेली... तंतोतंत, एक ठोकाही न चुकता. आमचे उत्तर त्याच्यापर्यंत पोचवले गेले, शब्दाशब्दानिशी. मात्र अशा रीतीने, की आम्ही निश्चिंतपणे पुढे जावे आणि त्याने वाट पाहत पडून राहावे. ज्याने किंवा ज्या कशाने हे केले, त्याला आमचा नियम माहीत होता, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. पण तो नियम इतक्या अचूकपणे वापरला गेला, की मला त्याचा संताप येतो, आणि त्या संतापाला तोंड द्यायला समोर कोणीही नाही. एखाद्या माणसाने हे केले असते तर मी त्याला कोर्टात खेचले असते. देवाने केले असेल तर त्यापुढे हात जोडणाऱ्यांनी जोडावेत, माझे जोडले जाणार नाहीत. हवेने आणि खडकाने केले असेल, तर ते कसे, हे मला एक ना एक दिवस समजून घ्यायचे आहे. ध्वनीचा अभ्यास असलेल्या कोणी हे वाचत असेल तर जरूर लिहावे. मी त्यांना ती सगळी जागा पायी दाखवीन. आजवर मला पटेल असे उत्तर मिळालेले नाही.

राइड पुढच्या रविवारी आहे. काहीजण इथले जाणार आहेत, असे दिसते. त्यांना माझी विनंती एवढीच, की मागून घंटा ऐकू आली तर सायकलवरून उतरावे, वळावे, आणि वाजवणाऱ्याचा चेहरा दिसेपर्यंत खाली चालत जावे.

नानांकडून निघाले तेव्हा ऊन उतरत होते. ते कुबडीवर रेलून दारापर्यंत आले. एरवी कोणालाही निरोप देताना, अगदी एसटीत बसवून देतानासुद्धा, त्यांच्या तोंडी तेच वाक्य असे. मी पायरी उतरले आणि सवयीने थांबले.

"जावा," नाना म्हणाले.

मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. पुढचे शब्द आले नाहीत.